खान्देशातील सायकलस्वार आणि कुत्रे : सामायिक रस्त्याचा एक दुर्लक्षित इतिहास

सारांश

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील रस्त्यांवर सायकलस्वार आणि मोकाट कुत्रे यांची गाठ पडणे ही नित्याची घटना आहे. या घटनेकडे आतापर्यंत सार्वजनिक आरोग्य किंवा प्राणिकल्याण या दोनच बाजूंनी पाहिले गेले. प्रस्तुत लेखात तिचा विचार रस्त्याच्या सामाजिक इतिहासाच्या अंगाने केला आहे. गेल्या सुमारे दोनशे वर्षांत कुत्र्यांविषयीचे शासकीय धोरण हत्येकडून निर्बीजीकरणाकडे वळले, लसीचे स्वरूप बदलले आणि कायद्याची भाषाही बदलली. तथापि कुत्रा मागे लागल्यामुळे सायकलवरून पडणारा माणूस यांपैकी कोणत्याही व्यवस्थेच्या दृष्टिपथात आला नाही. चाव्याची नोंद होते, पडण्याची होत नाही, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

बीजशब्द : खान्देश, सायकल, मोकाट कुत्रे, रेबीज, नगरपालिका, सामायिक रस्ता.

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात रस्ता हा विषय बहुधा लष्करी हालचाली, व्यापार किंवा दळणवळण या संदर्भात येतो. खान्देशपुरते बोलायचे तर मुंबई-आग्रा मार्ग, सुरत-धुळे-नागपूर मार्ग आणि भुसावळचे रेल्वे जंक्शन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु रोजच्या रस्त्यावर कोण चालते, कोणाला थांबावे लागते आणि कोणाला वाट बदलावी लागते, हे प्रश्न त्या लेखनात क्वचितच उपस्थित होतात. रस्ता सर्वांचा असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्यावरील प्रत्येकाचा हक्क सारखा नसतो. पायी चालणारा, बैलगाडीवाला, सायकलस्वार, मोटारवाला आणि त्याच रस्त्याच्या कडेला जन्मून तेथेच मरणारा कुत्रा हे सर्व त्या रस्त्याचे वाटेकरी आहेत.

या विषयाकडे वळण्यास एक व्यक्तिगत कारणही आहे. प्रस्तुत लेखकाने कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षे रोज सुमारे सहा किलोमीटर सायकल चालवून शिक्षण घेतले. गावाबाहेरील उकिरड्याजवळ तीन-चार कुत्री नियमाने सायकलमागे धावत असत. एका पहाटे तोल जाऊन सायकल खडीवर आडवी झाली, गुडघा व तळहात सोलवटले आणि पुढचे चाक वाकले. घरी पोहोचल्यावर पहिला प्रश्न विचारला गेला तो एवढाच : ‘चावला का?’ उत्तर नकारार्थी मिळताच सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, जखमेवर हळद लावली गेली आणि विषय संपला. त्या प्रश्नामागील भीती रास्त होती, हे आज कळते. पण चावला नाही म्हणजे काही घडलेच नाही, हा त्यातील निष्कर्ष मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. घरातला हा हिशेब आणि शासनदरबारचा हिशेब यांत विलक्षण साम्य असल्याचे पुढील विवेचनावरून दिसेल.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ग्रामीण व नागरी समाजजीवनात कुत्र्याचे पारंपरिक स्थान स्पष्ट करणे.
२) सायकलीच्या आगमनानंतर माणूस व कुत्रा यांच्या संबंधात झालेल्या बदलाचा शोध घेणे.
३) मोकाट कुत्र्यांविषयीच्या शासकीय धोरणाच्या टप्प्यांचा आढावा घेणे.
४) या धोरणात सायकलस्वाराचे स्थान तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायदे, नियम, न्यायालयीन आदेश व प्रकाशित अभ्यास यांना लेखकाच्या परिसर-निरीक्षणाची जोड दिली आहे. लेखाची भौगोलिक व्याप्ती जळगाव व धुळे या जिल्ह्यांपुरती, म्हणजे १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या पूर्व व पश्चिम खान्देशच्या प्रदेशापुरती आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा उल्लेख आवश्यक तेथे केला आहे. मुंबईतील व परदेशांतील घटना केवळ तुलनेसाठी घेतल्या आहेत.

१. गावाचा कुत्रा : पांढरी, शीव आणि वाट

मराठी गावाची पारंपरिक रचना पांढरी आणि काळी अशी दुहेरी आहे. वस्तीची जागा ती पांढरी, पिकाची जमीन ती काळी. कुत्रा हा पांढरीचा रहिवासी. तो एका घरचा असेलच असे नाही. गल्लीचा, आळीचा किंवा देवळासमोरच्या पाराचा असतो. उरलेली भाकर त्याला मिळते आणि त्या बदल्यात रात्री अनोळखी पावलांची चाहूल तो गावाला देतो. हा करार कोणी लिहिला नाही, तरी तो शतकानुशतके पाळला गेला. आज ‘मोकाट’ किंवा ‘भटका’ या शब्दांनी आपण ज्याला ओळखतो, तो गावाच्या दृष्टीने भटका कधीच नव्हता. त्याची हद्द ठरलेली होती आणि ती ओलांडणाऱ्यावर भुंकणे हेच त्याचे काम होते.

धार्मिक परंपरेनेही कुत्र्याला स्थान दिले आहे. खंडोबाच्या परिवारात कुत्रा आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी असलेले चार कुत्रे हे चार वेद मानले जातात. तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणारी मोठी यात्रा खान्देशात सर्वपरिचित आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा मराठी मनात खोल रुजलेली आहे. या कथेत माणूस कुत्र्यामागे धावतो. सायकलीच्या युगात हे चित्र उलटे झाले, असे म्हणता येईल.

पशुपालकांचा कुत्रा हा याहून निराळा. धुळे जिल्ह्याच्या साक्री भागात ठेलारी समाजाचे मेंढ्यांचे कळप हिंडत असतात. त्यांच्याबरोबरचे कुत्रे लांडग्यांपासून कळपाचे रक्षण करतात. त्यांची हद्द जमिनीला बांधलेली नसते, ती कळपाबरोबर सरकते. त्यामुळे एकाच रस्त्यावर काल शांतता असते आणि आज कळप उतरलेला असल्यास तेथून सायकल नेणे अवघड होते. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘कुत्र्यांचा त्रास’ म्हणतो, त्यात किमान दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत : एक वस्तीच्या राखणीची आणि दुसरी कळपाच्या राखणीची. उकिरड्यावर वाढलेली टोळी ही तिसरी आणि ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत नवी व्यवस्था होय.

‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. ती पायी चालणाऱ्याच्या अनुभवातून तयार झाली असावी. पायी चालणारा थांबू शकतो, खाली वाकून दगड उचलल्याचा आविर्भाव करू शकतो, निदान उभा राहू शकतो. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला यांतील काहीच सहज करता येत नाही. त्याला पाडण्यास चावण्याची गरज नसते, भुंकणे पुरेसे होते. त्या म्हणीतले शहाणपण सायकलस्वाराच्या उपयोगी पडत नाही.

२. मुंबई, १८३२ : कुत्र्यांवरून झालेला पहिला संघर्ष

कंपनी सरकारच्या दृष्टीने रस्त्यावरील कुत्रा हा उपद्रव होता. मुंबई बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून वर्षाच्या ठरावीक काळात बेवारस कुत्री मारण्याची मुभा पोलिसांना देण्यात आली होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे रोख बक्षीस मिळत असे. १८३२ मध्ये ही मुदत वाढविण्यात आली. बक्षिसाच्या लोभाने घरात शिरून पाळीव कुत्रीही मारली जात असल्याची तक्रार होऊ लागली. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी समाजाने याला उघड विरोध केला. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र मानतात व अंत्यविधीतही त्याला स्थान आहे. दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा माल अडविला गेला आणि अखेर सैन्याला पाचारण करावे लागले. आधुनिक मुंबईतील हा पहिला मोठा दंगा कुत्र्यांच्या प्रश्नावरून झाला, ही बाब लक्षणीय आहे. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई व अन्य व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. आश्रयाची ही कल्पना नंतर गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांमार्फत खान्देशच्या बाजारपेठांतही पोहोचली, मात्र येथे तिचे स्वरूप प्रामुख्याने गोरक्षणाचे राहिले.

या घटनेत दोन पक्ष स्पष्ट दिसतात. एका बाजूला स्वच्छ व निर्वेध रस्ता हवा असलेले शासन आणि दुसऱ्या बाजूला जिवाची हत्या अमान्य असलेला समाज. आजचा वाद याच दोन टोकांमध्ये फिरतो. रस्ता प्रत्यक्ष वापरणाऱ्या सामान्य माणसाला, म्हणजे हमाल, पाणके, फेरीवाले यांना, त्या वादात तेव्हाही स्वतंत्र आवाज नव्हता.

३. सन १८८५ : एकाच वर्षातील दोन शोध

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १८८५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी दोन समान चाकांची व साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. आजच्या सायकलीचे मूळ रूप ते हेच. आणि याच वर्षी, ६ जुलै रोजी, पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजप्रतिबंधक लस दिली. माणसाला रस्त्यावर वेग देणारे साधन आणि रस्त्यावरच्या सर्वांत भयंकर रोगावरील उपाय यांचा जन्म असा एकाच वर्षी झाला.

१८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर तयार केल्यानंतर सायकलीचा प्रसार वेगाने झाला आणि त्याबरोबर कुत्र्यांचा प्रश्नही पुढे आला. तो किती गंभीर मानला गेला याचा पुरावा म्हणजे फ्रान्समध्ये १८९० च्या दशकात निघालेले ‘व्हेलो-डॉग’ नावाचे छोटे पिस्तूल. कुत्र्यांना हुसकावण्यासाठी सायकलस्वाराने ते खिशात बाळगावे अशी कल्पना होती. सायकल जेथे महाग व हौसेची वस्तू होती, तेथे तिच्या मालकाच्या संरक्षणासाठी कारखाने शस्त्र घडवीत होते. आपल्याकडे सायकल जेव्हा खऱ्या अर्थाने पसरली तेव्हा ती गरिबाचे वाहन झाली होती आणि त्याचे संरक्षण म्हणजे त्याच्या पायातील चप्पल व तोंडातील ‘हाड हाड’ एवढेच होते.

लसीचा भारतातील प्रवास स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. रेबीजचे वर्णन आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचा ‘अलर्क’ या नावाने विचार केलेला आढळतो. परंतु प्रतिबंधक उपचार उपलब्ध झाला तो १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था स्थापन झाल्यावर. तेथेच १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही पुढे ही लस तयार होऊ लागली. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही जी दहशत आपल्या पिढीपर्यंत टिकून राहिली, ती या सेंपल लसीची होय. २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले आणि तिची जागा पेशीसंवर्धनातून तयार केलेल्या, दंडात किंवा त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीने घेतली.

४. खान्देशात सायकल

१८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खान्देश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गाड्या, बैल, घोडे व रेल्वे यांची माहिती आहे. सायकल तिच्या आजच्या रूपात तेव्हा अस्तित्वातच नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती प्रथम अधिकारी, वकील, डॉक्टर व सधन व्यापारी यांच्याकडे आली. त्या काळच्या सायकली परदेशी बनावटीच्या व महाग होत्या. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. मद्रासची टी.आय. सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस आणि लुधियानाची हीरो यांमुळे सायकल शिक्षक, कारकून, गिरणी कामगार व शेतकरी यांच्या आवाक्यात आली.

खान्देशच्या दृष्टीने यात तीन वर्ग महत्त्वाचे ठरतात. पहिला गिरणी व रेल्वे कामगारांचा. जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि भुसावळचे रेल्वे कारखाने येथील पाळ्या पहाटे व मध्यरात्री बदलत. कुत्र्यांची राखण सर्वाधिक दक्ष असते तीच ही वेळ. दुसरा वर्ग दूधवाले, वर्तमानपत्र विक्रेते, पोस्टमन व फेरीवाले यांचा. यांना रोज एकाच वाटेने, बहुधा अंधारातच जावे लागते आणि हँडलला लटकलेले ओझे सांभाळावे लागते. तिसरा वर्ग विद्यार्थ्यांचा. भाड्याच्या सायकलीवर तासाच्या हिशेबाने शिकलेली व नंतर थोरल्या भावाची सायकल वापरून हायस्कूलला गेलेली पिढी आज महाविद्यालयांत अध्यापन करीत आहे. या वाचकांपैकी अनेकांना तो अनुभव स्वतःचाच वाटेल.

अलीकडच्या काळात या तिसऱ्या वर्गात मोठी भर पडली ती मुलींची. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत इयत्ता आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी साहाय्य देण्यात आले. खान्देशातील अनेक तालुके या कार्यक्रमात आहेत. वाडी-वस्तीवरून शाळेपर्यंतची वाट ही या मुलींच्या शिक्षणाची वाट आहे. त्या वाटेवर कुत्र्यांची टोळी असेल तर प्रश्न केवळ खरचटण्याचा राहत नाही. एकदा मुलगी पडली की घरातून दुसऱ्या दिवशी सायकल बंद होते आणि सायकल बंद झाली की शाळाही दूर जाते. त्यामुळे या लहानशा वाटणाऱ्या घटनेचे सामाजिक मोल मोठे आहे.

५. कुत्रा सायकलमागे का धावतो?

या प्रश्नाचे उत्तर दुष्टपणात शोधणे योग्य नाही. पळणाऱ्या वस्तूमागे धावणे ही कुत्र्याची शिकारी वंशातून आलेली प्रवृत्ती आहे. सायकल फारसा आवाज न करता येते, त्यामुळे तो दचकतो. पायडलवर वर-खाली होणारे पाऊल नेमके त्याच्या नजरेच्या उंचीवर असते. शिवाय सायकलस्वार वेगाने निघून जातो. कुत्र्याच्या दृष्टीने आपल्या भुंकण्यामुळेच परका पळाला असे ठरते आणि प्रत्येक वेळी त्याची सवय अधिक पक्की होते. आपली हद्द संपली की बहुतेक कुत्री आपोआप थांबतात. वेग वाढविण्याऐवजी उतरून, सायकल मधे धरून, नजर न रोखता शांतपणे चालत गेल्यास पाठलाग बहुधा ओसरतो.

मात्र प्रवृत्ती जुनी असली तरी संख्या व ठिकाणे नवी आहेत. शहरे वाढली, उकिरडे गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला सरकले, मांसविक्रीचा व हॉटेलांचा कचरा उघड्यावर पडू लागला. त्यात आणखी एका घटनेची भर पडली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे त्यांची मढी खाणारी गिधाडे १९९० च्या दशकापासून झपाट्याने नाहीशी झाली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, परंतु तोवर मेलेल्या गुरांवरील हक्क कुत्र्यांकडे गेला होता. १९९२ ते २००६ या काळात यामुळे देशातील कुत्र्यांच्या संख्येत सुमारे ५५ लाखांची भर पडली असा अंदाज २००८ च्या एका अभ्यासात मांडला आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख व महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार मोकाट कुत्री होती. म्हणजे सायकलमागे धावणारी टोळी ही केवळ निसर्गाची देणगी नाही. कचरा, मढी व औषधे यांविषयीच्या मानवी निर्णयांचा तो परिणाम आहे.

६. कायदा : हत्येकडून निर्बीजीकरणाकडे

धुळे येथे १८६२ व जळगाव येथे १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाल्या. बेवारस कुत्र्यांचा बंदोबस्त हे पुढे राज्यभर नगरपालिकांचे व पोलिसांचे काम मानले गेले. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या नाशाविषयी तरतूद करण्यात आली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यातही विहित पद्धतीने भटकी कुत्री मारणे हा अपराध मानला गेला नाही. विषारी गोळ्या घालून कुत्री मारण्याची मोहीम अनेक वाचकांनी बालपणी पाहिली असेल. तिचा परिणाम तात्पुरता असे. काही कुत्री मेली तरी अन्न शिल्लक राहिल्यामुळे रिकाम्या जागी दुसरी येत.

१९९० च्या दशकात मुंबईत ही पद्धत थांबली आणि २४ डिसेंबर २००१ रोजी प्राणी जन्म नियंत्रण (कुत्रे) नियम देशभर लागू झाले. त्यानुसार कुत्र्याला पकडून, निर्बीजीकरण व लसीकरण करून, पकडले तेथेच परत सोडावयाचे होते. २००३ मध्ये जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत महानगरपालिका स्थापन झाल्या, म्हणजे या नव्या संस्थांनी कारभार हाती घेतला तो या नव्या नियमांच्या काळातच. १० मार्च २०२३ च्या सुधारित नियमांनी भटक्या कुत्र्याला ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा दिली आणि त्याला अन्न देण्याच्या जागा लहान मुलांच्या वावरापासून दूर ठरविण्याची तरतूद केली. ऐतिहासिकदृष्ट्या पाहता, पकडले तेथेच परत सोडणे म्हणजे कुत्र्याच्या हद्दीला कायद्याने दिलेली मान्यताच होय. गावाने न लिहिता जे मान्य केले होते, ते राजपत्राने लिहून मान्य केले.

२०२५ मध्ये या प्रश्नाला पुन्हा कलाटणी मिळाली. दिल्ली परिसरातील कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिला, २२ ऑगस्टला त्यात बदल केला आणि ७ नोव्हेंबरला शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवून ती पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला. म्हणजे शाळेचे आवार आता कायद्याने सुरक्षित ठरले. परंतु घरापासून शाळेच्या फाटकापर्यंतची पाच किलोमीटरची वाट मात्र त्या आदेशाच्या बाहेरच राहिली.

७. चाव्याची नोंद आणि पडण्याची नोंद

श्वानदंशाचा हिशेब आपल्याकडे ठेवला जातो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतात दरवर्षी रेबीजने सुमारे २० हजार मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. २०२२-२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीनुसार हा अंदाज सुमारे ५,७२६ वर आला आहे आणि प्राणिदंशाच्या घटना वर्षाला सुमारे ९१ लाख असल्याचे मांडले आहे. लसीकरणाचे हे यश मोठे आहे. ते शक्य झाले याचे एक कारण म्हणजे चाव्याची मोजणी झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घेणाऱ्याचे नाव नोंदवहीत चढते, त्यावरून लसीची मागणी ठरते आणि पुढच्या वर्षाची तरतूद होते.

याउलट कुत्रा मागे लागल्याने सायकलवरून पडलेल्या व्यक्तीची नोंद कोठे होणार? चावा नसल्याने ती लसीच्या नोंदवहीत नाही. मोटार नसल्याने आणि हाड मोडले नसेल तर पोलीस ठाण्यापर्यंत प्रकरण जात नाही. हात मोडलाच तर रुग्णालयाच्या कागदावर ‘सायकलवरून पडून दुखापत’ एवढेच येते, कारण लुप्त होते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मोटारवाहनाशी निगडित अपघातांसाठी आहे. सायकल व कुत्रा यांच्या गाठीत मोटार नसतेच. सायकलला विमा नाही आणि कुत्र्याला मालक नाही.

नुकसानभरपाईच्या संदर्भात काही न्यायालयांनी पावले उचलली आहेत. केरळमधील श्वानदंशाच्या तक्रारींसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरिजगन समिती नेमली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये भरपाईचे सूत्र ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्त्यावरील खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये व जखमींनाही भरपाई देण्याचा निर्णय दिला. या निर्णयांतील तत्त्व महत्त्वाचे आहे : रस्ता सुरक्षित ठेवणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे व त्यात कसूर झाल्यास तिचे उत्तरदायित्व आहे. मात्र दाताच्या खुणा मोजण्याच्या सूत्रात ज्याच्या अंगावर खूणच नाही, पण मनगट मोडले आहे, त्याची गणना कशी करावी हा प्रश्न शिल्लक राहतो. खड्ड्यात पडलेल्याला आणि कुत्र्यामुळे पडलेल्याला जमीन सारखीच लागते.

निष्कर्ष

१) खान्देशातील कुत्रा हा मूलतः भटका नसून वस्तीचा किंवा कळपाचा राखणदार होता. उकिरड्यावर पोसलेली टोळी ही अलीकडच्या नागरी व्यवस्थेची निर्मिती आहे.

२) सायकलीने सामान्य माणसाला गती दिली, परंतु त्याच वेळी त्याला कुत्र्यापुढे पायी चालणाऱ्यापेक्षा अधिक असहाय केले.

३) १८३२ पासून २०२५ पर्यंत धोरणाची चर्चा ‘मारावे की जगवावे’ या एकाच प्रश्नाभोवती फिरली. रस्ता वापरणाऱ्या गरीब व लहान माणसाची सुरक्षितता हा तिचा मुख्य विषय कधी झाला नाही.

४) ज्या घटनेची नोंद होते तिच्यासाठी यंत्रणा उभी राहते. चावा मोजला गेला म्हणून लस पोहोचली. पडणे मोजले गेले नाही म्हणून वाट तशीच राहिली.

सूचना

शाळा व महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरील अशा घटनांची साधी नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण व दुखापत एवढे चार रकाने पुरेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना हे काम सहज करता येईल. स्थानिक संस्थांनी निर्बीजीकरण व लसीकरणाचा क्रम ठरविताना शाळेच्या वाटांना अग्रक्रम द्यावा, त्या वाटांवरील उकिरडे हलवावेत, पथदिवे लावावेत आणि अन्न देण्याच्या जागा तेथून दूर ठेवाव्यात. चावा किंवा नखाचा ओरखडा असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घ्यावी, हे प्रत्येक वर्गात सांगितले जावे. आणि मुलगी सायकलवरून पडून घरी आली तर ‘चावला का?’ या प्रश्नानंतर ‘कोठे पडलीस?’ हा दुसरा प्रश्नही विचारला जावा. त्या उत्तरातूनच रस्त्याच्या इतिहासाचे एक नवे साधन तयार होईल, आणि कदाचित तो रस्ताही थोडा बदलेल.